दुसऱ्या फळीतला माणूस

मराठीत ‘दुसरी फळी’ हा मोठा मार्मिक शब्दप्रयोग आहे. रणांगणावरच्या रचनेतला हा शब्द राजकारणात, संस्थांच्या कारभारात, नाटक मंडळ्यांत आणि अखेर क्रीडांगणावर येऊन स्थिरावला. पहिल्या फळीतल्यांची नावे लोकांच्या तोंडी असतात. दुसऱ्या फळीतल्यांची आठवण बहुधा ते निघून गेल्यावर होते. अशा माणसाविषयी कोणत्याही संघाच्या चालकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो: याला ठेवावे, की जाऊ द्यावे? पहिल्या माणसाविषयी हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्याला सोडण्याची कोणाची छाती होत नाही. शेवटच्या माणसाविषयीही पडत नाही, कारण त्याच्या जाण्याने काही अडेल असे कोणाला वाटत नाही. चालकांच्या शहाणपणाची परीक्षा होते ती मधल्या माणसापाशी.

हा प्रश्न अगदी स्वच्छ रूपात पाहावयाचा असेल तर कॅनडा आणि अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीकडे पाहावे. त्या खेळात आघाडीचे तीन खेळाडू एका तुकडीने उतरतात, मिनिटभराच्या आत दमतात आणि परत येतात. लगेच दुसरी तुकडी त्यांची जागा घेते. प्रत्येक तुकडीत मधोमध एक मध्यस्थ खेळाडू असतो. खेळ सुरू करताना चकतीसाठी झुंज तोच घेतो, दोन्ही बाजूंच्या साथीदारांना चकती तोच पुरवतो आणि प्रतिस्पर्धी उलटला की सर्वांआधी मागेही तोच धावतो. पहिल्या तुकडीचा मध्यस्थ म्हणजे संघाचे भूषण. दुसऱ्या तुकडीच्या मध्यस्थाला मात्र भूषण थांबते तिथून पुढचा सगळा वेळ निभवावा लागतो.

या खेळाच्या इतिहासातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनच्या संघाने वेन ग्रेट्झ्की या अद्वितीय खेळाडूला लॉस एंजेलिसच्या संघाकडे धाडले. कॅनडात अक्षरशः हलकल्लोळ उडाला. एडमंटन आता संपले असेच बहुतेकांना वाटले. परंतु ग्रेट्झ्कींच्या मागे दुसऱ्या तुकडीत वर्षानुवर्षे खेळलेले मार्क मेसिये तिथेच होते. त्यांच्या नायकत्वाखाली त्याच संघाने १९९० साली स्टॅन्ली चषक पुन्हा जिंकला. याच्या उलट घडले हार्टफर्डला. ४ मार्च १९९१ रोजी त्या संघाने रॉन फ्रान्सिस यांना पिट्सबर्गला देऊन टाकले. पिट्सबर्गच्या पहिल्या तुकडीत मारिओ लेम्यू यांच्यासारखा असामान्य मध्यस्थ असल्याने फ्रान्सिस तिथे दुसऱ्या तुकडीचे मध्यस्थ झाले आणि १९९१ व १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे पिट्सबर्गने चषक उचलला. हार्टफर्डचा संघ १९९२ नंतर बाद फेरीचे तोंड पाहू शकला नाही आणि १९९७ साली तो शहरच सोडून नॉर्थ कॅरोलायनात गेला. एका संघाचे शिखर गेले, तरी पाया शाबूत होता म्हणून तो उभा राहिला. दुसऱ्याने पायाचाच दगड विकला.

आपल्या देशात बर्फावरची हॉकी लडाखसारख्या हिमप्रदेशापुरतीच आहे. तथापि माणसे राखण्याचा आणि सोडण्याचा तिचा हिशेब २००८ साली इंडियन प्रीमियर लीगबरोबर आपल्या क्रिकेटमध्ये आला. इथे संघाला खर्चाची मर्यादा असते, मोजकेच खेळाडू राखण्याची मुभा असते आणि बाकीच्यांना लिलावात जावे लागते. क्वचित दोन संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात किंवा पैसे मोजून दुसऱ्याचा खेळाडू घेतात. या व्यवस्थेत दुसऱ्या फळीचा प्रश्न जितक्या ठळकपणे बंगळूरच्या संघापुढे आला, तितका तो फार थोड्यांपुढे आला असेल.

बंगळूरच्या रॉयल चॅलेंजर्स संघाची पहिली फळी वर्षानुवर्षे डोळे दिपवणारी होती. विराट कोहली, ख्रिस गेल आणि एबी डिव्हिलियर्स हे तिघे एकाच संघात होते. २०१६ च्या एका हंगामात कोहलींनी ९७३ धावा केल्या. आणि तरीही २००९, २०११ आणि २०१६ या तिन्ही अंतिम सामन्यांत हा संघ हरला. २०१६ चा सामना तर घरच्याच चिन्नास्वामी क्रीडांगणावर अवघ्या ८ धावांनी गेला. या क्रीडांगणाच्या सीमा जवळ आहेत आणि शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत उंच मारलेला चेंडू लांब जातो. अशा ठिकाणी धावा करणाराचे कौतुक होते, पण सामने तारावयाचे असतात ते धावा रोखणाराने. म्हणजे या संघात दुसऱ्या फळीचे काम मुख्यतः गोलंदाजांचे होते आणि संघ ज्यांना सोडत गेला त्यांत वारंवार गोलंदाजच होते.

मात्र पहिले ठळक उदाहरण फलंदाजाचे आहे आणि ते मराठी मनाला जवळचे आहे. राहुल द्रविड यांचा जन्म इंदूरचा, घर मराठी आणि वाढ बंगळूरची. त्यांच्या सबंध कारकीर्दीवर दुसऱ्या फळीचा शिक्का आहे आणि तो मोठ्या मानाचा आहे. १९९९ साली टाँटनला त्यांनी १४५ धावा केल्या, पण त्याच डावात सौरव गांगुलींच्या १८३ झाल्या. २००१ साली कोलकात्याला त्यांनी १८० धावा केल्या, पण लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या लक्ष्मण यांच्या २८१. दुसऱ्याचा पराक्रम ज्याच्या आधारावर उभा राहतो असा हा खेळाडू. २००८ साली तेच बंगळूरचे नायक होते. २०११ च्या लिलावापूर्वी संघाने एकट्या कोहलींना राखले आणि द्रविड यांना सोडले. राजस्थानने त्यांना पाच लाख डॉलरला घेतले.

हा निर्णय चूक होता काय? न्यायाने पाहता तसे म्हणता येत नाही. द्रविड त्या वेळी जवळजवळ अडतीस वर्षांचे होते, वीस षटकांच्या खेळाचा वेग वेगळा होता आणि त्याच वर्षी गेल यांच्या भरवशावर बंगळूर अंतिम सामन्यापर्यंत पोचले. परंतु राजस्थानला त्यांच्याकडून जे मिळाले ते धावांच्या तक्त्यात मावणारे नव्हते. त्यांच्या नेतृत्वाखाली २०१३ साली राजस्थानने जयपूरचे साखळीतले आठही सामने जिंकले आणि चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना गाठला. मुंबईच्या संघात क्वचितच संधी मिळालेले अजिंक्य रहाणे राजस्थानात फुलले. १५ एप्रिल २०१२ रोजी त्यांनी शतक झळकावले, तेही बंगळूरच्याच मैदानावर आणि बंगळूरविरुद्धच. संजू सॅमसन यांचे पदार्पणही द्रविड यांच्या नेतृत्वाखालीच झाले. दुसऱ्या फळीतला माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या हाताखाली तयार होऊ शकणारी माणसेही जातात. ही हानी त्या दिवशी कोणत्याच वहीत नोंदली जात नाही.

द्रविड यांच्या बाबतीत निदान वयाचे कारण होते. युझवेंद्र चहल यांच्या बाबतीत तेही नव्हते. २०१४ साली अवघ्या दहा लाखांत आलेला हा फिरकी गोलंदाज आठ हंगामांत बंगळूरसाठी १३९ बळी घेऊन गेला. चिन्नास्वामीसारख्या लहान मैदानावर संथ, उंच चेंडू टाकून फलंदाजाला मोह घालावयाचा म्हणजे काळीज घट्ट असावे लागते. चहल ते काम वर्षानुवर्षे करीत होते. २०२२ च्या मोठ्या लिलावापूर्वी प्रत्येक जुन्या संघाला चार खेळाडू राखण्याची परवानगी होती. बंगळूरने तिघांनाच राखले: कोहलींना १५ कोटी, मॅक्सवेल यांना ११ कोटी आणि सिराज यांना ७ कोटी. चौथी जागा रिकामी राहिली.

यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे, नाहीतर चालकांवर अन्याय होईल. नियमाप्रमाणे तिघांना राखल्यास थैलीतून ३३ कोटी वजा होत, चौघांना राखल्यास ४२ कोटी. म्हणजे चौथ्या खेळाडूसाठी थैलीला नऊ कोटींची तोशीस बसली असती. लिलावात तोच माणूस कमी किमतीत मिळण्याचा संभव होता आणि तो खराही ठरला, कारण चहल साडेसहा कोटींना विकले गेले. फक्त ते विकले गेले राजस्थानला.

लिलाव भरला होता बंगळूरातच, १२ आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजी. बाजाराचा एक स्वभाव असा, की तिथे वस्तू आपल्या गरजेच्या क्रमाने येत नाहीत, पुकारणाराच्या क्रमाने येतात. अष्टपैलू खेळाडूंची यादी आधी आली. त्यात बंगळूरने हर्षल पटेल यांना पावणेअकरा कोटींना आणि श्रीलंकेच्या वनिंदू हसरंगा यांनाही पावणेअकरा कोटींना घेतले. मग जलद गोलंदाज आले. त्यांत जॉश हेझलवूड पावणेआठ कोटींना आले. फिरकी गोलंदाजांची पाळी आली तेव्हा बंगळूरची थैली बरीच हलकी झाली होती आणि फिरकीची जागाही हसरंगा यांच्या रूपाने भरली होती. ‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण त्या दिवशी त्या शहरात अक्षरशः खरी झाली.

त्या हंगामात स्पर्धेतील सर्वाधिक, म्हणजे २७ बळी चहल यांनी घेतले आणि राजस्थान अंतिम सामन्यात गेले. तिथे जाताना वाटेत २७ मे रोजी त्यांनी हरवले ते बंगळूरलाच. येथवरची गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल, की चालकांचा निर्णय मूर्खपणाचा होता. परंतु खरे उत्तर इतके सोपे नाही. त्याच हंगामात हसरंगा यांनी बंगळूरसाठी २६ बळी घेतले. म्हणजे एका वर्षाच्या जमाखर्चात फरक पडला तो अवघ्या एका बळीचा. तो पडला पुढच्या वर्षांत. हसरंगा यांना २०२३ च्या अखेरीस सोडून द्यावे लागले. चहल मात्र राजस्थानसाठी बळी घेतच राहिले आणि एप्रिल २०२४ मध्ये या स्पर्धेत दोनशे बळी घेणारे पहिले गोलंदाज ठरले. एका हंगामापुरती जागा भरणे आणि ती कायमची भरणे यांत अंतर असते. दुसऱ्या फळीतल्या माणसाचे मोल या दुसऱ्या प्रकारात असते.

२०२३ च्या अखेरीस तर एकट्या हसरंगांनाच नव्हे, हर्षल पटेल आणि हेझलवूड यांनाही बंगळूरने सोडले आणि मुंबईकडून कॅमेरॉन ग्रीन यांना साडेसतरा कोटी मोजून घेतले. प्रत्येकाला सोडण्याचे काही ना काही कारण देता येण्यासारखे होते. हेझलवूड २०२४ च्या हंगामाच्या पूर्वार्धात घरच्या कारणास्तव येऊच शकणार नव्हते. पण एकेकटे कारण बरोबर असले, तरी तिन्ही मिळून होणारा परिणाम बरोबर असतोच असे नाही. १५ एप्रिल २०२४ रोजी चिन्नास्वामी क्रीडांगणावर हैदराबादने वीस षटकांत २८७ धावा केल्या. स्पर्धेच्या इतिहासातील तो उच्चांक होता. बंगळूरने उत्तरादाखल २६२ धावा केल्या आणि तरी सामना गेला. पहिल्या आठ सामन्यांपैकी सात बंगळूरने गमावले. त्याच हंगामात कोहली स्पर्धेतील सर्वाधिक, ७४१ धावा करीत होते. हर्षल पटेल पंजाबकडे गेले होते आणि स्पर्धेतील सर्वाधिक बळी त्यांनीच घेतले. पहिली फळी कळसाला पोचलेली आणि दुसरी जवळजवळ मोकळी असे ते दृश्य होते. नंतर लागोपाठ सहा सामने जिंकून संघ बाद फेरीत पोचला, पण तिथे राजस्थानकडून हरला. राजस्थानच्या संघात तेव्हाही चहल होतेच.

तर मग निष्कर्ष असा काढावा काय, की जुन्या माणसाला कधीच सोडू नये? तसा काढला तर तोही भाबडेपणा होईल. मोहम्मद सिराज २०१८ पासून सात हंगाम बंगळूरसाठी खेळले. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावापूर्वी त्यांना सोडण्यात आले आणि गुजरातने त्यांना सव्वाबारा कोटींना घेतले. २ एप्रिल २०२५ रोजी ते चिन्नास्वामीवर परतले, १९ धावांत ३ बळी घेऊन त्यांनी आपल्याच जुन्या संघाला हरवले आणि सामनावीरही ठरले. त्या संध्याकाळी पुन्हा जुनी चूक झाली असे अनेकांना वाटले असेल. परंतु या खेपेस जागा रिकामी ठेवलेली नव्हती. हेझलवूड यांना साडेबारा कोटी देऊन परत आणले होते. भुवनेश्वर कुमार, कृणाल पंड्या यांच्यासारखी अनुभवी, आवाज न करता काम करणारी माणसे जमवली होती. आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मा यांच्यावर अकरा कोटी लावले होते. नायकत्व दिले होते रजत पाटीदार यांना.

ही सारी दुसऱ्या फळीची माणसे होती आणि त्यांनीच ते वर्ष तारले. २७ मे रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांचे लक्ष्य असताना जितेश शर्मांनी ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून संघाला पहिल्या दोघांत नेले. दोन दिवसांनी हेझलवूड यांनी २१ धावांत ३ बळी घेतले आणि पंजाबचा डाव १०१ धावांत आटोपला. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात कृणाल पंड्यांनी चार षटकांत अवघ्या १७ धावा देऊन दोन बळी मिळवले. बंगळूर ६ धावांनी जिंकले. अठराव्या हंगामात मिळालेले ते पहिले विजेतेपद. योगायोग असा, की समोरच्या पंजाबच्या संघात चहल खेळत होते.

हेझलवूड यांची गोष्ट यात विशेष बोलकी आहे. एका वर्षी सोडलेला माणूस पुढच्या वर्षी पावणेपाच कोटी जास्त देऊन घरी आणावा लागला. हा दंड नव्हे, अनुभवाची किंमत म्हणावयाची. पण प्रत्येक वेळी गेलेला माणूस असा परत मिळत नाही. चहल मिळाले नाहीत.

या सगळ्या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे आणि ती पैशांत मोजता येत नाही. लिलावात माणसाचे नाव पुकारले जाते, किंमत वाढते किंवा वाढत नाही आणि सारा देश ते पाहतो. खेळाडूला भरपूर मोबदला मिळतो हे खरे. तरीही आठ वर्षे ज्या शहराचा रंग अंगावर वागवला त्याच शहरात दुसऱ्याच्या हाकेने दूर जाणे सोपे नसते. प्रेक्षकाचेही तसेच आहे. संघाचे मालक कागदोपत्री कोणीही असोत, शहरातला माणूस संघाला आपले मानतो. ४ जून २०२५ रोजी विजयाचा सोहळा पाहण्यास लोटलेल्या गर्दीत चेंगरून चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेर अकरा जणांचे प्राण गेले. त्या दुःखाचा आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा संबंध नाही, परंतु संघ आणि शहर यांच्यातले ममत्व किती खोल असते हे त्या दिवशी फार विदारक रीतीने कळले. ज्याच्यावर लोक इतका जीव टाकतात त्याचे निर्णय निव्वळ थैलीच्या सोयीने होऊ नयेत, एवढी अपेक्षा रास्तच आहे.

तेव्हा ठेवावे की जाऊ द्यावे, या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या किमतीत किंवा गेल्या हंगामाच्या आकड्यांत शोधून सापडत नाही. ते त्याच्या कामात शोधावे लागते. तो जे करतो ते करणारा दुसरा हात घरात तयार आहे काय आणि तो हात एका वर्षापुरता आहे की टिकणारा? होय म्हणता आले तर जुन्या माणसाला मानाने निरोप द्यावा. त्यात कृतघ्नता नाही. नाही म्हणावे लागले तर थोडी तोशीस सोसून त्याला राखावे. त्यात भावनाविवशताही नाही. मात्र हे उत्तर बाजारात जाण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे, कारण बाजारात गेल्यावर निर्णय आपला राहत नाही.

कारभाराचा एक जुना नियम आहे, की एखादे पद मोकळे करण्याआधी त्या पदाचे काम कोण पाहणार हे ठरवावे. माणसाची बदली करता येते, कामाची करता येत नाही. बंगळूरला हा नियम पुरता उमगेपर्यंत सतरा हंगाम गेले. अशी दुसरी फळी प्रत्येक संस्थेत आणि प्रत्येक घरात असते. तिचा विचार माणूस जाण्याआधी झालेला बरा.